मागच्या खोलीची व्यवस्था

मी, या कागदाखाली सही करणारा, धंद्याने सलूनवाला, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरून लिहवून घेत नसताना ही माझी शेवटची इच्छा लिहीत आहे. आमच्या डॉक्टरांनी तपासून तसा दाखला जोडला आहे. माझे हृदय थकले आहे, बुद्धी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद पुढे केलाच तर तो खोटा समजावा, आणि पुढे करणारा बहुधा माझा थोरला भाऊ असेल.

१. राहते घर, भांडीकुंडी, कपाट आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावी. तिच्या जन्माआधीच मला आणि तिच्या आईला एचआयव्ही असल्याचे कळले होते. आईने गरोदरपणात गोळ्या घेतल्या, पोर निरोगी जन्मली. हे तिला ठाऊक आहे, तिच्या सासरी नाही. सांगायचे की नाही ते तिने ठरवावे. सासरची मंडळी समोर बसली असतील तर वकिलांनी हे कलम मनात वाचावे.

२. थोरल्या भावाला काहीही देऊ नये. तो चुकून राहून गेलेला नाही, हे कळावे म्हणून वेगळे कलम घातले आहे. आमचा आजार कळल्यावर त्याने वडिलांच्या दुकानातली माझी खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवली. मी म्हटले, "दादा, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड लावतो मी." तो म्हणाला, "लोकांना ब्लेड दिसत नाही. तू दिसतोस." माझी बायको त्या खुर्चीशेजारी उन्हात उभी होती. वहिनीने तिला पाणीसुद्धा विचारले नाही. पुढे बायको वारली तेव्हा दोघे फुले घेऊन दारात आले. मी ती घेतली नाहीत. माझ्या वेळीही घेऊ नयेत.

३. त्यानंतर मी स्वतः घेतलेला सलूनचा गाळा, मागच्या खोलीसकट, आणि खुर्च्या, आरसे, कात्र्या, वस्तरे हे सर्व सिस्टरला द्यावे. सिस्टर म्हणजे आमच्या केंद्रावरची नर्स. ते केंद्र या मागच्या खोलीत चालत असे. कल्पना माझ्या बायकोची. पुरुष दाढी करायला पुढून येत, पडद्यामागे रक्त तपासून घेत, गोळ्या घेत, निरोध खिशात टाकत आणि गुळगुळीत गालांनी बाहेर पडत. कोण कशासाठी आला होता, रस्त्याला कळत नसे. बायका बोळातून येत, त्यांच्याशी माझी बायको बोले. ज्याचा धीर सुटे त्याच्या घरी सिस्टर जाई. तिचा पगार, तपासणीचे सामान आणि गोळ्या सरकारी अनुदानातून येत. खोलीचे भाडे आम्ही कधी घेतले नाही.

मग अनुदान बंद झाले. खात्याचे साहेब स्वतः आले, गोड बोलले. "आता सगळं मोठ्या दवाखान्यात मिळेल. अशी वेगळी केंद्रं चालवणं परवडत नाही."

सिस्टर म्हणाली, "साहेब, आमचे लोक तिथं जाणार नाहीत. दारावर पाटी आहे, बाहेर बाकं आहेत. ओळखीचं कोणी ना कोणी दिसतंच."

"जातील. गरज पडली की माणूस जातो."

कप्तान गेला नाही. हा मालाचा ट्रक चालवणारा ड्रायव्हर, टोपी तिरकी घालायचा म्हणून आम्ही त्याला कप्तान म्हणत असू. त्याने घरात काहीच सांगितले नव्हते. मला म्हणाला, "तिथं नावं पुकारायला माझा मेव्हणा बसतो. तूच दे ना गोळ्या."

"मी कुठून देऊ? मी केस कापतो रे. चल, मी येतो तुझ्याबरोबर."

"पुढच्या खेपेला जाऊ," म्हणाला. प्रत्येक वेळी हेच. मग तो दाढीलाही येईनासा झाला. मी आणि सिस्टर त्याच्या घरी गेलो तेव्हा अंगावर मांस उरले नव्हते. आम्ही उचलून त्याला त्याच मोठ्या दवाखान्यात नेले आणि तिथेच तो संपला. नातेवाईक कोण, म्हणून त्याचे नाव पुकारले ते मेव्हण्यानेच. त्याच्या बायकोला सारे कळले ते असे, भर व्हरांड्यात. मग तिचेही रक्त तपासले. तिलाही हा आजार होता.

४. खात्याने समारंभ करून मला दिलेले काचेचे स्मृतिचिन्ह साहेबांना परत करावे, टपालाने नव्हे, हातात. त्या समारंभात ते म्हणाले होते की केंद्र बंद झाले तरी एकही रुग्ण वाऱ्यावर सुटला नाही. कप्तानच्या घरी तेव्हा अजून माणसे सांत्वनाला येत होती. मी ते घेतले, हसलो, फोटो काढू दिला, कारण सिस्टरला परत कामावर घेतील अशी मला आशा होती. घेतले नाही. तो फोटो त्यांच्या कचेरीच्या भिंतीवर आहे. तो माझ्या मालकीचा नाही, तरी काढायला सांगावे.

५. कलम तीनबद्दल खुलासा. मागची खोली चालू ठेवावी अशी अट मी घालणार होतो. लिहिलीही होती, मग खोडली. सिस्टर आज खासगी दवाखान्यात राबते आणि सुट्टीच्या दिवशी, ज्यांना रांगेत उभे राहवत नाही त्यांच्यासाठी स्वतः रांगेत उभी राहते. तिला वाटले तर तिने खोली चालवावी. वाटले तर गाळा विकून पाय पसरून झोपावे. सरकारचे काम इतकी वर्षे तिच्या चपलांवर चालले. लोकांचा जीव वाचवायला पैसा पुरवणे हे सरकारचे काम आहे, मेलेल्या न्हाव्याचे नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

ठिकाण: माझे सलून, मधली खुर्ची.
दिनांक: तीन जून, सोमवार, धंद्याची सुट्टी.

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरी: कप्तानची बायको. वकिलांनी विचारले, "यांच्याशी तुमचं नातं काय लिहू?"

"नातं नाही. आजार एकच आहे," ती म्हणाली. "तसंच लिहा."

वकील माझ्याकडे बघू लागले. तिने कागद स्वतःकडे ओढला, ते शब्द स्वतः लिहिले आणि खाली पूर्ण नावाने सही केली.