समासातली ओवी

३ डिसेंबर, मंगळवार. धारवाड
कमलाक्कांच्या पोथीची शेवटची पानं. बोरू नवा, शाई सुभाष रोडची, हात छान चालला. सौ. वाचते, मी लिहितो. अक्षर नेहमीपेक्षा बरंच मोठं. अक्कांची नजर उतरत चाललीय. दत्तजयंतीचं पारायण यंदा स्वतः वाचणार, सुनेच्या तोंडून ऐकणार नाही, हा हट्ट. रविवारी बसतंय. होईल.

५ डिसेंबर, गुरुवार
लिहून संपलं. मग ताळा. सौ. जुनी पोथी वाचते, माझं बोट नव्यावर. मधल्याच एका अध्यायात थांबली.
"अहो, ओवी गेली."
लागोपाठच्या दोन ओव्यांचा शेवट एकाच शब्दानं. पहिली संपवून नजर परतली ती थेट दुसरीच्या शेवटावर. आमच्या धंद्यातली जुनीच चूक.
"माझीच नजर हो."
"चहा टाक."
पानात जागा नाही. एक तर अक्षर बारीक करून पान पुन्हा लिहायचं, नाहीतर ओवी समासात नि ओळीत खूण.

६ डिसें.
बारीक पान लिहिलं. गच्च, पण देखणं. आधीच्या, मोठ्या अक्षरातल्या पानावरही समासात ओवी घातली, लाल खूण केली. दोन्ही नेणार.
अक्कांचा मुलगा फोनवर : "काका, कुठलं पण लावा की. अम्माला सगळं पाठ आहे."
पाठ आहे म्हणूनच. ओवी सुटली की अक्का पारायण मोडलं म्हणणार, आणि परत पोथी हातात धरणार नाहीत.

७ डिसें., शनिवार
कमरीपेठेत, अक्कांच्या घरी. बारीक पान अक्कांनी नाकाला लावलं.
"मुंग्या सोडल्यास काय रे?"
मग दुसरं. "ही बाहेर का बसलीय?"
झालं ते सांगितलं. हसल्या.
"इरली बिडु, बसू दे बाहेर. दिसतीय की."
बारीक पान परत आणलं. फाडायचं नसतं, पाण्यात सोडीन.

१० डिसें., मंगळवार
ऐकायला गेलो. अक्का ओळीवर बोट ठेवून वाचतात. आवाज खणखणीत. सुनेनं एकदा पुढं वाकून शब्द सांगितला, तर असं बघितलं तिच्याकडं की...
ते पान उद्या. बोट सरळ पुढं जातं, खुणेपाशी वळेल का? निघताना विचारलं, उद्या शेजारी बसू?
"ये. पण लांब बस."