‘मावशी’ हा शब्द मी वगळला

आई, परवा तुला कुणीतरी शोधत होतं. मुंबईहून असेल, वापीहून असेल, ते मला कळत नाही. त्या माणसाने फोनवर काय टाइप केलं तेवढंच मला दिसतं. ‘डहाणू मच्छी मार्केट हिरवं लुगडं मावशी सुके बोंबील’. तुला जाऊन किती पावसाळे झाले, तुझ्या हिरव्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, त्या गोधड्याही विरल्या, आणि कुणालातरी अजून वाटतंय की तू तिथेच बसली असशील. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. कारण त्या माणसाला तू सापडली नाहीस, वहिनी सापडली. आणि तिला तिथे मीच नेऊन बसवलं होतं.

मी काय काम करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं, कारण तू होतीस तेव्हा हे काम नव्हतंच. डहाणू रोड स्टेशनसमोरच्या एका लॉजच्या वर माझी खोली आहे, तिला मी ऑफिस म्हणते. बोर्डीचे लॉजवाले, घोलवडचे चिकूवाले, तलासरीचा एक पंप दुरुस्त करणारा, असे माझे लोक. आता माणूस बाजारात जायच्या आधी फोनला विचारतो, आणि फोन त्याला दुकानांची रांग दाखवतो. तुझ्या बाजारात दरवाजाजवळची जागा आणि मागची नळाजवळची जागा यांत जेवढा फरक, तेवढाच त्या रांगेत वर असण्यात आणि खाली असण्यात. अगदी वरच्या जागा बोलीवर मिळतात. लोक कुठले शब्द टाइप करतील ते ओळखायचं आणि त्या शब्दांवर बोली लावायची, ती जाहिरात. तिच्या खालच्या जागा बोलीने मिळत नाहीत. तिथे फोटो चांगले लागतात, पत्ता बरोबर लागतो, पान चटकन उघडावं लागतं, गिऱ्हाइकांनी चार चांगले शब्द लिहिलेले असावे लागतात, आणि एवढं करून महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. मी दोन्ही करते. गर्व म्हण हवं तर, पण या पट्ट्यात माझ्याइतकं चांगलं कुणी करत नाही.

दिवाळीनंतर दादा आणि वहिनी जिना चढून वर आले. दादा नेहमीसारखा खिडकीबाहेर बघत बसला. बोलली वहिनीच. “ताई, सगळ्यांना वर आणता, मला पण आणा ना. होडीचं काय खरं नाय आता. वाढवणला बंदर झाल्यावर काय होईल ते कोणाला म्हाईत? सुक्याचं गिऱ्हाईक घरबसल्या मिळालं तर बरं पडेल.” नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही, आणि मी खूप शोधलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी तिचे फोटो काढले. तुझ्या जागेवर, तुझ्या पाटावर, समोर तुझाच कोयता. मी म्हटलं, जरा हसा, तर ती आधीपासूनच हसत होती. बाई गुजरातच्या सीमेवरच्या झाईची आहे, अर्धं वाक्य मराठी आणि अर्धं गुजराती, त्यामुळे पलीकडची गिऱ्हाइकंही तिच्याशी घरच्यासारखी बोलतात. मी शब्द निवडले, त्यांवर बोली लावली. बोंबील घातलं, गुजराती लोकांसाठी बुमला घातलं, सोडे, जवळा, करंदी घातली. आणि ते पान असं चाललं, आई, की मला स्वतःच्याच कामाचा हेवा वाटायला लागला. लोक खाली लिहून जायचे, ‘मावशी फार गोड बोलतात.’ मी ते वाचायचे आणि माझा चहा कडू व्हायचा.

त्या पाटावर मी एकदाच बसले आहे, आठवतं का तुला? बारावीची परीक्षा संपली आहे. तू चहाला गेली आहेस. मी पाटावर बसते आणि बोंबलांच्या जुड्या सारख्या करते, तू करतेस तशा, डोकी एकीकडे. एक बाई भावही विचारते. मी सांगणार, तेवढ्यात मागून तुझा आवाज येतो. “ऊठ. तुला हितं बसायला शिकवली नाय मी.” आजूबाजूच्या सगळ्या बायकांनी ऐकलं. त्या संध्याकाळी तू चंदनाचा साबण आणलास, कागदातून काढून माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, “हात धू नीट. वास राहता कामा नये.” तो साबण फक्त माझा होता, दादाने हात लावला तर तू त्याच्यावर खेकसायचीस. मैत्रिणींना मी तो मिरवून दाखवला. मग वहिनी लग्न होऊन आली आणि पुढच्या हंगामात तुझ्या पाटाच्या मागे बसायला लागली. आपल्यात असंच असतं, जागा घराची, ती सुनेकडे जाते, लेक परक्या घरची. मला हे पाठ आहे. पण मी परक्या घरी गेलेच नाही, त्याचं काय? लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, तुझ्या डोळ्यांसमोर राहिले, आणि मला साबण मिळाला आणि तिला तू मिळालीस.

तिला तू मिळालीस असं म्हणते, कारण तुझा आवाज तिने उचलला आहे. घरी तो आवाज आम्हाला कुठे मिळायचा? संध्याकाळी तू यायचीस, चुलीपाशी टेकायचीस, पाय पसरायचीस आणि तोंडातून निघायचं ते “जेवलीस?” एवढंच, तेही उत्तर ऐकायला न थांबता. मोडके बोंबील आमच्या कालवणात, अख्खे गिऱ्हाइकाला. शाळेतून येताना मी बाजाराच्या भिंतीआडून तुला ऐकायचे. “बोल गो बाय, काय देऊ? घे, वर दोन घातले तुला.” वर दोन. कुणाही अनोळखी बाईला वर दोन! मला त्या बायकांचा इतका राग यायचा की त्यांच्या पिशव्या फाटाव्यात असं मी मनात म्हणायचे.

तर परवा ते हिरवं लुगडं पडद्यावर दिसलं. आमच्या कामात वगळायचे शब्द असतात. लॉजवाल्यासाठी मी ‘फुकट’ हा शब्द वगळते, म्हणजे फुकट खोली शोधणाऱ्याला त्याची जाहिरात दिसत नाही. मी वहिनीचं जाहिरातीचं खातं उघडलं आणि वगळायच्या शब्दांत ‘मावशी’ घातलं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की तुला शोधणाऱ्याला ती मिळता कामा नये. तू नाहीस तर कुणीच नको. मग मी शांतपणे चिकूवाल्याच्या कामाला लागले. बरं वाटलं.

दिवस आगोटीचे. पावसाळ्याची बेगमी करायला लोक गोण्या भरून सुकी मासळी नेतात, वहिनीचा हंगामभराचा माल याच दिवसांत उठायचा असतो. आणि आज ती जिना चढून आली, हातात डबा. सोड्याची खिचडी होती, अजून कोमट. “ताई, परवापासून फोनच येईनासे झाले. माल घरात तसाच पडलाय, पाऊस आला तर सगळा मऊ पडेल. माझं काय चुकलं काय? कुणाशी वाकडं बोललेली पण नाय मी.” मी म्हटलं, बघते. ती गेल्यावर बघितलं आणि डोक्याला हात लावला. आपल्या भागात मासळीवालीला कुणी नावाने शोधतं का? ‘सुके बोंबील मावशी’, ‘डहाणू मावशी जवळा’, ‘मावशी घरपोच सोडे’, जो तो मावशीच टाइप करतो. कोळणीच्या पोटी जन्माला येऊन एवढं माझ्या लक्षात आलं नाही. मला तुझा एक दरवाजा लावून घ्यायचा होता, आणि मी अख्खा बाजार बंद करून बसले होते.

शब्द काढून टाकला. वहिनीची दया आली म्हणून, असं मी तुला सांगणार नाही, तुला खोटं लगेच कळायचं. कामात चूक राहिलेली मला चालत नाही, म्हणून काढला. खिचडी खाल्ली. ती तुझ्यासारखीच झाली होती, त्याचाही राग आला. दुपार कलली तेव्हा जाहिरात परत दिसते का ते बघायला हवं होतं. आपल्या जाहिरातीवर आपण बोट लावायचं नाही, दर बोटाला आपलेच पैसे जातात, हे मी प्रत्येक लॉजवाल्याला बजावते. त्यासाठी वेगळी सोय असते, तिथे नुसतं बघता येतं. मी ती उघडली नाही. माझ्या फोनवर टाइप केलं, ‘डहाणू मच्छी मार्केट हिरवं लुगडं मावशी’. टाइप करताना मला चाचणी घ्यायची नव्हती, आई. मीही तुलाच शोधत होते. वहिनी आली, सगळ्यात वर, हसत. तिचा नंबर मी ऑफिसच्या फोनवरून लावला, तो तिच्याकडे नाही.

“बोल गो बाय, काय देऊ?”

मी फोन कानाशी घट्ट धरला. तीच म्हणाली, “आगोटीचं घ्यायचंय ना? लाजतेस काय? ये, वर दोन घालीन तुला.” मी आवाज बदलून म्हटलं, पाव किलो बोंबील ठेवा, संध्याकाळी नेते. आणि फोन ठेवला. मग उगाच खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली रिक्षावाले भांडत होते. एवढी वर्षं मला वाटत होतं की मला तुझी जागा हवी होती. नको होती गं. मला तुझं गिऱ्हाईक व्हायचं होतं.

हे मी जाहिरातीचा मजकूर लिहितात त्या चौकटीत लिहायला घेतलं होतं, ती पहिल्याच ओळीत भरली. आता साध्या कागदावर लिहितेय. पाठवायला तुझा पत्ता नाही आणि असता तरी पाठवलं नसतं. संध्याकाळी मी बाजारावरून गेले. वहिनीने कागदात अर्धवट गुंडाळलेली एक पुडी पाटाजवळ वेगळी ठेवली होती. मला बघून म्हणाली, “फोन चालू झाले हां ताई! पण एकेक गिऱ्हाईक असं असतं बघा, ठेवा म्हणतात आणि येतच नायत.” मी पुडीकडे बघितलं, अख्खे बोंबील होते, जुडीच्या वर दोन सुटे. “येईल गं,” मी म्हटलं, आणि तशीच पुढे गेले.