पिवळ्या गाडीसाठी बसलेला घसा

हडपसर, पुणे
सोमवार, १२ जानेवारी २०२६

नसीमआपा,
सप्रेम जय भीम आणि सलाम.

कागदावर लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंय. मीही तुम्हाला करणार होते, पण ते कसं करतात हे आमच्या पूर्वाला विचारावं लागलं असतं. तुमच्या अफशीनच्या हातून पाठवतेय. तब्येत बरी असेल. आमच्याकडे ह्यांचा गुडघा सोडून सगळं ठीक.

काल पोरींच्या शर्यतीच्या ट्रॅकवर मी तुम्हाला पाहिलं. पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही, असं आपण दोघींनी घरोघरी जाहीर केलं होतं ना! मी तर लोणी काळभोरला हेमावहिनींकडे हुरडा खायला जाते म्हणून निघाले होते. तुम्ही काय थाप मारलीत?

भांडण आठवलं की आता हसू येतं. दिवाळीनंतरच्या शर्यतीत पोरींच्या गाड्या एकमेकींना घासल्या आणि मी चारचौघांत म्हणाले, "अफशीन कसली जिंकते, तिची निळी गाडी जिंकते. आमच्या पूर्वाच्या नशिबी ते पिवळं खटारं!" तुम्ही म्हणालात, "नंदाताई, गाडीला नावं ठेवू नका. तुमची लेक वळणावर घाई करते." झालं. इतक्या वर्षांचा शेजार तिथेच संपला.

काल दोघींचे गुण सारखे. जी पुढे येईल तिचा वर्षाचा चषक. मी लपतछपत, उशिरा पोचले, तर पिवळी गाडी पुढे! सरळ रस्त्यावर निळी तिला गाठायची, पण वळण आलं की पिवळी आतली बाजू अशी धरायची की निळीला शिरायला जागाच नाही. शेजारच्या अनोळखी बाईंना मी हलवून सांगितलं, "माझी लेक आहे! खटारं कसं चालवतेय बघा!" त्यांनी घाबरून मला शेंगदाणे दिले.

शेवटच्या फेरीत निळी पुढे गेली. आणि वळणावर निळीने ब्रेक उशिरा लावला, घसरत थेट बाहेरच्या वाळूत! "बरं झालं!" मी ओरडले. अख्ख्या स्टँडने ऐकलं, आपा.

पिवळी पहिली आली. मी नाचले. मग हेल्मेट निघालं आणि पिवळ्या गाडीतून अफशीन उतरली.

सकाळी आयोजकांनी चिठ्ठ्या टाकून गाड्या बदलल्या होत्या. वर्षभर गाडीवरून फार कटकट झाली म्हणून, म्हणे. त्यातली बरीचशी माझीच असणार.

पूर्वा वाळू झटकत आली. मला वाटलं, आता रडेल. मला बघून हसतच सुटली. "आई, तू? अगं, एवढी भारी गाडी मिळाली आणि मीच घालवली!" आणि अफशीनच्या गळ्यात पडून नाचायला लागली. हरलेली पोरगी इतकी खूश मी पाहिली नव्हती. म्हणाली, आता निदान कळलं काय शिकायचं ते. तेव्हा, वळणावरच्या घाईचं तुमचं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला.

इतकं लिहिलं, पण जे सांगायला बसले ते राहिलंच. निळी वाळूत गेली तेव्हा मी मुद्दाम तुमच्याकडे वळून पाहिलं, जिरली का ते बघायला. तुम्ही कठड्याला धरून रडत होतात. अफशीन समजूनच, मला माहीत आहे; चिठ्ठ्यांचं तुम्हालाही ठाऊक नव्हतं. पण माझ्या पूर्वाची गाडी घसरली तेव्हा त्या मैदानात तिच्यासाठी रडणारं एकच माणूस होतं, आणि ते तुम्ही होतात. तिची आई "बरं झालं" म्हणत होती. आणि तुमची लेक जिंकली तेव्हा तुमच्या वाटणीचं मी नाचले. आता तुम्हीच सांगा, हे भांडण पुढे कसं चालवायचं? मला तर जमेना.

उद्या संध्याकाळी येतेय. दार उघडा.

तुमच्या लेकीसाठी घसा बसवून घेतलेली,
नंदा