सर्व्हर आणि देगलूरची गाडी

अहो,

मी नऊच्या गाडीनं देगलूरला निघाले आहे. उद्या अव्वाच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, आईजवळ लेक नको का? काल जाऊ का विचारलं तर तुम्ही म्हणालात, “मग सर्व्हर कोण बघंल?” म्हणून ही चिठ्ठी सर्व्हरच्या डब्यावरच ठेवते. दुकानातून आलात की तुमची नजर आधी तिथंच जाते.

लाईट जाऊन आली की आधी राऊटर लावा. त्याचे हिरवे दिवे थांबले की मग सर्व्हरचं बटण दाबा. घाई केली तर हार्ड डिस्क दिसत न्हाई. सासूबाईंच्या मालिकेचे नवे भाग सर्व्हरवर उतरवून ठेवलेत, तिथून टीव्हीवर लागतात. वन्संही पुण्यात बसून आपल्याच सर्व्हरवरचं बघतात; त्यांचा फोन येईल, “वैनी, अडकून राहिलंय गं!” त्यांच्यावर रागावू नका.

लिंगपूजेआधी मी पाणीसुद्धा घेत न्हाई. पण दोन वर्षं झाली, पूजेच्याही आधी सर्व्हर चालू हाय का ते बघते. याची लाज वाटते. या दोन वर्षांत माहेरी एक रात्र राहिले न्हाई.

इथवर लिहिलं आणि लाईट गेली. आली तेव्हा पिशवी खांद्याला होती. तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, “महादेवी, माझी मालिका बंद पडली की गं!” सगळं सुरू करेपर्यंत नऊची गाडी गेली.

आता दोनची हाय. तोवर लाईट जाऊ देऊ नको, एवढंच महादेवाकडं मागितलंय. आजवर मी त्याच्याकडं काहीच मागितलं नव्हतं.

महादेवी