काकीला सांगितलेला कॅन्सर

गुरुवार, संध्याकाळ

काल सुनंदाकाकीला फोन का केला मी? तिच्या नातीचं, पिंकीचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलेलं. काचेवर पेशी पाहिल्या आणि घाईघाईने सांगून टाकलं, "काकी, ब्लड कॅन्सर आहे, पण लहान मुलांचा, साध्यातला. पोर बरी होईल." साध्यातला! मायक्रोस्कोपखाली नुसतं पाहून साधा आणि कडक असे दोन्ही प्रकार सारखेच दिसू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं? म्हणून तर अँटीबॉडी लावून रक्त मशीनवर घेतो. कुठली अँटीबॉडी पेशीला चिकटते त्यावरून प्रकार कळतो. तेवढंसुद्धा थांबले नाही मी.

आज अँटीबॉडी लावल्या. मला वाटत होत्या त्या चिकटल्याच नाहीत, भलत्याच चिकटल्या. प्रकार दुसरा निघाला. इलाज आहे, पण फार कडक. साध्यातला म्हणे.

लोकलमधून आसनगावला उतरून तशीच सापगावला काकीकडे गेले. हॉस्पिटलमधून तिच्या मुलाचा, पिंकीच्या बापाचा, फोन येऊन गेला होता; दुसऱ्या प्रकाराचं तिला कळलं होतं. काकी भिंतीला टेकून बसलेली, शेजारची मंदा तिच्याजवळ.

मंदा फणकारली, "मंग पोर बरी होनार, असं काल कोन बोललं तुला?"

मी बोलले होते.

काकीने माझ्याकडे एकदा पाहिलं. "कोन नाय गो. मीच चुकीचं ऐकलं."

आणि मी मान डोलावली.