त्रेपन्न फुटांची सही

न्युएव्हो लारेदो, मेक्सिको,
३ मार्च

चि. लेआंद्रो यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली. पत्र दर रविवारी तुझ्याकडे येणाऱ्या आईच्या पिशवीतून पाठवतेय, कारण फॅक्टरीतून फोनवर बोललेलं सगळं आमच्या मॅनेजरच्या, म्हणजे विलारेआलच्या, कानी जातं.

पाहणी झाली एकदाची. कस्टम्सचे दोन अधिकारी आले आणि आमचा माल घेणाऱ्या कंपनीतर्फे तू, टाय लावून, पोट सांभाळत. त्याआधी आठवडाभर आम्ही कुंपण रंगवत होतो. तुमच्यासमोर मी ट्रेलरच्या भिंती हातोडीने ठोकल्या, आत चोरभिंत असली तर कमी भरते म्हणून आतली लांबी टेपने मोजली, सील ओढून-पिळून दाखवलं. अधिकारी कॉफी पिऊन उठले, आणि तुम्ही बाकीचे भाजलेल्या करडावर तुटून पडलात. आता 'विश्वासू भागीदार' असं प्रशस्तिपत्र दारातच टांगलंय. टेप विलारेआलच्या कपाटात कुलपात आहे, हरवू नये म्हणून.

आता धक्क्यावर, जिथे गाड्यांत माल भरतात तिथे, काय चालतं ते ऐक. दर सोमवारी माझ्यापुढे चाळीस तपासणीपत्रकं येतात, अख्ख्या आठवड्याच्या गाड्यांची. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा, लांबी त्रेपन्न फूट. गाडी अजून आलेलीसुद्धा नसते आणि मी खाली सही ठोकून मोकळी. किळस येते रे मला, आणि सगळ्यात जास्त माझ्याच सहीची. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे. निदान टेप तरी परत द्यायला सांग.

माझी सोकोरो मामाची आठवण काढते. तिच्यावर आहे तेवढा जीव माझ्यावरही असू दे.

तुझी,
हर्मिनिया

लारेदो, टेक्सस,
९ मार्च

ती. हर्मिनियाताईस,

धाकट्याचा शि. सा. नमस्कार. टपली पोचली. करडू वाढलं तेव्हा तुझीही बशी रिकामी नव्हती, मी पाहिलंय.

ताई, उगाच खोलात शिरू नकोस. या भागीदारीचा अर्थच असा, की कंपनीने आपलं दार आपण राखायचं आणि कस्टम्सने तिच्यावर भरवसा ठेवायचा. म्हणून तुमच्या गाड्या वेगळ्या रांगेतून तासाभरात सीमेवरचा पूल ओलांडतात; बाकीचे दिवसभर उन्हात तापत बसतात. प्रत्येक गाडी मोजत बसलीस तर माल वेळेवर निघेल का? कागद पूर्ण असले की झालं.

पुढच्या रविवारी आईबरोबर तमालेस पाठव, मक्याच्या पिठात डुकराचं मटण भरून उकडलेले. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लेआंद्रो

न्युएव्हो लारेदो,
२३ मार्च

चि. लेआंद्रो यास,

आशीर्वाद. आज टपली नाही, माझाच जीव थाऱ्यावर नाही.

गुरुवारी कस्टम्सवाल्यांनी आन्सेल्मोला पुलावर धरलं. आमचा ड्रायव्हर, सोकोरोच्या बाप्तिस्म्यात जो तिचा धर्मपिता झाला, तोच. कुत्रा भुंकला म्हणून त्यांनी ट्रेलर रिकामा केला, तर पुढच्या भिंतीच्या आत दुसरी भिंत, आणि दोन्हींच्या मध्ये अमली पदार्थांची पाकिटं. विलारेआल सगळ्यांना सांगत सुटलाय, की गाडी धक्क्यावर मोजली तेव्हा साफ होती, म्हणजे हे वाटेत झालं. आन्सेल्मो टायर बदलायला दोन तास थांबला होता ना, तेवढं कस्टम्सवाल्यांना पुरलं. पुरावा काय, तर माझी सही. हे मला तोंडावर सांगितलं मेल्याने, आणि वर विचारतो, कॉफी घेणार का.

पण त्या दिवशी नेहमीचा ट्रेलर बिघडला होता. ऐनवेळी भाड्याचा आणला, तो अठ्ठेचाळीस फुटी. माझ्या पत्रकावर मात्र सोमवारीच लिहिलेलं, त्रेपन्न. ती गाडी कोणी मोजलीच नाही, हे ते पत्रकच ओरडून सांगतंय. ट्रेलर भाड्याने आला तेव्हापासूनच ती भिंत आत असणार. मूळ पत्रकं दर सोमवारी तुमच्या कंपनीकडे जातात, तेही तुझ्या फायलीत आहे. ते आन्सेल्मोच्या वकिलाला दे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. त्याला वीस वर्षं आत टाकतील रे, आणि तो एकसष्ट वर्षांचा आहे.

वाट बघतेय.

तुझी,
हर्मिनिया

लारेदो,
३० मार्च

ती. ताईस,

सा. नमस्कार. आन्सेल्मोसाठी मलाही फार वाईट वाटतं. त्याला चांगला वकील मी बघून देतो.

पत्रकाचं मात्र विसर. विलारेआलने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त पत्रक पाठवलं, अठ्ठेचाळीस लिहिलेलं, खाली तुझी सही. ती कोणी केली हे मी विचारलं नाही. जुनं काढून मीच हे फायलीला लावलं. समजून घे. प्रशस्तिपत्र गेलं तर तुमच्याकडच्या तीनशे बायका घरी बसतील. आणि तुमचा धक्का चोख आहे, असं पाहणीनंतर मीच लिहून दिलंय. माझी मुलं इथे शाळेत आहेत, ताई.

रागावू नकोस. आहे तो लोभ राहू दे.

तुझा,
लेआंद्रो

लारेदो,
५ एप्रिल

लेआंद्रो,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, दिला असं समज. मी तुझ्याच गावात आहे, कस्टम्सच्या कचेरीत, बाकावर. सकाळी आईबरोबर पूल ओलांडला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग धक्क्यावरची खोकी उपसायला घेतली. प्रत्येक पत्रकाखाली कार्बनची प्रत असते, हे तुम्हा टायवाल्यांच्या ध्यानात नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या गाडीची प्रत सापडली.

ती इथे दिली. सांगितलं, सही माझी, मोजमाप कोणाचंच नाही, आणि असं वर्षभर चाललंय. त्यांनी कोऱ्या कागदावर माझ्याकडून दहा सह्या करून घेतल्या. दुसऱ्या पत्रकावरची माझी नाही, हे तिथल्या अधिकारी बाईंनाही दिसलं. आन्सेल्मोच्या वकिलाला बोलावणं गेलंय. मला घरी सोडणार की नाही, ते अजून सांगत नाहीत. सोकोरोला आई बघेल.

मग बाईंनी विचारलं, मूळ पत्रक फायलीतून कोणी काढलं. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं, ते मी काढलं नाही. पण नाव सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं. मी म्हटलं, माझंच.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं तू बघ.

तुझी बहीण,
हर्मिनिया