फोनवर मी तीनदा ‘चांगलं झालं’ म्हटलं त्याची गोष्ट

नवेगाव बांध,
दिवाळीच्या आठ दिवस आधी

चिरंजीव चैतराम यास थोरल्या बहिणीचे, तुझ्या बाईचे, पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे धडधाकट. लवकरचा हलका धान कापून झाला, उशिराचा भारी अजून उभा आहे. तुझा गुडघा कसा आहे, तुझ्या हर्षा पोरीचा खोकला गेला का, सगळं कळव. पण कागदावर कळव, फोनवर नको. कायले म्हणशील, तर ते खाली लिहिते.

तीन रविवार झाले, तुझा फोन नाही. मी आधी समजली, तुमच्या सालेकस्याचा टावर बसला असेल. मग हर्षानं माझ्या सुनेला, चंदाला, सांगितलं आणि चंदानं माझ्यासमोर बसून, तोंड माझ्याकडे करून, हळूहळू मला सांगितलं. त्या रविवारी तू मला सांगत होता की हिरा बैल साप चावून मेला, आणि मी म्हटलं, चांगलं झालं बापा. तो कसा तडफडला ते तू सांगितलं, तर मी म्हटलं, चांगलं झालं. आणि तू रडायला लागला तेव्हा म्हटलं, चांगलं झालं, आता गावाला गोड खाऊ घाल! भावा, असं मी जाणून म्हणेन का? वासरू होता तेव्हापासून तू त्याला हातानं चारलं, हे मला माहीत नाही का?

आता खरं सांगते. दोन वर्षं झाली, फोनवर तुझं एक अक्षर मला कळत नाही. समोर माणूस असला की थोडं कानाच्या मशीनवर आणि बाकी त्याच्या ओठांवर माझं भागते. फोनमध्ये ओठ कुठून आणू? म्हणून मी एक युक्ती काढली होती. तुझा आवाज थोडा थांबला की ‘हो’, जास्त थांबला की ‘चांगलं झालं’. (दोन वर्षं ही युक्ती बिनबोभाट चालली, म्हणजे तुझ्या घरी दोन वर्षं चांगलंच चाललं होतं. तेवढाच आनंद.) सांगितलं काऊन नाही म्हणशील, तर लाज वाटली. आणि भीतीही वाटली, की बाईला ऐकू येत नाही म्हटल्यावर तू फोन करायचाच थांबशील.

म्हणून मी ठरवलं, आपल्याला ऐकू येईल असा फोन आणायचाच. चंदाला घेऊन गोंदियाला गेली. दुकानदार कैलाश नावाचा, बोलायला गोड. मी म्हटलं, मला ऐकू कमी येते, तसा फोन दाखव. तर तो म्हणते, "माताजी, कैमरा देखिए, चाँद तक दिखता है." मी विचारलं, कॅमेऱ्यानं ऐकू येते का रे? त्यानं दुसरा डबा उघडला. पण मी कशी आहे ते तुला माहीत आहे. मी अंगणवाडी चालवत होती तेव्हा वजनकाटा आला, तोही आधी खोलून पाहिला होता मी, मगच पोरांना त्याच्यावर बसवलं. तसंच इथं प्रत्येक फोन तपासून पाहायचा ठरवलं. चंदाला रस्त्यापलीकडे उभं केलं आणि सांगितलं, तू तुझ्या फोनवरून बोलत जा, मी ऐकून पाहते.

पहिला निघाला मोठ्या बटनांचा, खास म्हाताऱ्यांचा. आवाज असा की शेजारच्या चहावाल्यानं मान वळवली. चंदा काय बोलली ते दुकानातल्या सगळ्यांना ऐकू आलं, मला सोडून. कैलाशचं तोंड उतरलं तेव्हा मला संशय आला. (चंदानं मागून सांगितलं, ती म्हणत होती, "आई, लौकर निघा, हा लुटून राहिला.") तेव्हा समजलं, आवाज मोठा होणं वेगळं आणि बोलणं कळणं वेगळं. ही अक्कल मला साठी उलटल्यावर आली.

दुसरा फोन कानाला लावला तर मशीननं अशी शिटी मारली की मीच दचकली. मग आठवलं, कान तपासणाऱ्या मंजू मॅडमनं सांगितलं होतं की मशीनचा ऐकायचा भाग कानाच्या मागे वर असतो, फोन तिथं धरा. धरला. शिटी थांबली, बोलणं अर्धं कळलं, पण लोक असे पाहून राहिले जशी मी फोननं केस विंचरते. तिसरा फोन बोललेलं लिहून दाखवते. कैलाशचं हिंदी त्यानं छान लिहिलं. चंदा बोलली की तो थोडा वेळ विचार करे आणि भलतंच काही लिहून टाके. आपली बोली त्याच्या शाळेत शिकवली नसावी.

शेवटी कंटाळून कैलाशनंच चंदाला व्हिडिओ लावला. भावा, काय सांगू! रस्त्यापलीकडची चंदा माझ्या हातात आली, आणि तिचे ओठ! "आई, आता कळते का?" सगळं कळलं. दुकानात सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले. कॅमेऱ्यानं ऐकू येते रे चैतराम! कैलाशला मी तसं सांगितलंही. तो मोठ्या मनाचा, नुसता हसला. तोच फोन घेतला. घंटी वाजली की फोनचा दिवाही लखलखते, त्यामुळे घरी कोंबड्यांचं पहिले दोन दिवस काही खरं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्या नात्यागोत्याला व्हिडिओ लावून पाहिला. आपल्या म्हाताऱ्या शामकलाचे तर दात नाहीत, तरी तिचंही कळते.

तर आता माझी काळजी करू नको. लहानांना आशीर्वाद.

तुझी,
मनकर्णाबाई

ता. क. परवा तुलाही लावला होता. हर्षानं उचलला आणि तुझ्यासमोर धरला. तू काहीतरी बोलला. म्हणजे तुझी मिशी हलली. एवढी झुपकेदार मिशी, तिच्याखाली ओठ आहेत की नाहीत तेही दिसेना. या खेपेला मी ‘चांगलं झालं’ म्हटलं नाही, फोन बंद केला. म्हणून मागणं हे, की भाऊबीजेला साडी आणू नको. ओवाळणीत मला तुझी मिशी दे.

ता. क. दुसरं. बाबा गेले तेव्हाच तू ती काढली होती, ते मला माहीत आहे. लोक विचारतील, कोण गेलं? सांग, हिरा गेला. तोही घरचाच होता.

ता. क. शेवटचं. परवा तू मला शिव्या दिल्या असतील, तर मिशी काढून त्याच पुन्हा दे. या वेळी मला सगळ्या ऐकायच्या आहेत.